लोह कमी, आकडा जास्त

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे अहवाल मिळाले. ‘एचबीएवनसी’ या साखरेच्या सरासरीच्या तपासणीचा आकडा ६.१ टक्के आल्यापासून तू स्वतःला मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी समजून गोड सोडले आहेस. पण त्याच कागदांत उपाशीपोटीची साखर ९२, म्हणजे ठीक आहे, हिमोग्लोबिन मात्र ९.४, म्हणजे कमी आहे आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा, अवघा ६ आहे. मला आधी हेच तीन आकडे दिसले.

एचबीएवनसी ही तपासणी साखर थेट मोजत नाही. रक्तातील साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ती चिकटली आहे एवढेच येथे पाहिले जाते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या टक्केवारीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज बांधतात. मात्र त्यासाठी पेशींची उलाढाल नेहमीच्या गतीने चालू असावी लागते. लोहाअभावी नव्या पेशी पुरेशा तयार होईनाशा झाल्या, की रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो. आणि जी पेशी अधिक दिवस साखरेच्या सहवासात राहिली तिच्यातले हिमोग्लोबिन साहजिकच अधिक साखर धरून बसते. साखर मुळीच न वाढता आकडा चढतो तो असा. (अशा रक्तक्षयात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढून साखर चिकटण्यास मदत होते, असेही मानले जाते.)

उलट, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की आठवड्या-दहा दिवसांत कोवळ्या पेशी रक्तात येऊ लागतात आणि आकडा उतरतो. तेव्हा त्याचे श्रेय सोडलेल्या गोडाला देऊ नकोस.

तरीही सारा दोष लोहावर ढकलून निश्चिंत होणे मला मान्य नाही. हा फरक बहुधा दशांशांतला असतो. तुझा आकडा ८ असता तर मी हे पत्र लिहिलेच नसते. डॉक्टरांना विचारून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी करून घे. तो आकडा १४० च्या आत आणि उपाशीपोटीचा १०० च्या आत असेल, तर माझा भर त्यांच्यावर राहील. फ्रुक्टोसामीन हीदेखील एक तपासणी आहे. ती रक्तद्रवातील प्रथिनांवरून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते, त्यामुळे तांबड्या पेशींच्या वयाचा तिच्याशी संबंध येत नाही. एचबीएवनसी मात्र हिमोग्लोबिन पूर्ववत होऊन तीनेक महिने गेल्यावरच पुन्हा कर.

आणि लोह गेले कुठे, हे तू डॉक्टरांना विचारलेसच नाही! पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातून नकळत होणारा रक्तस्राव किंवा आतड्यांत लोह नीट शोषले न जाणे, यांपैकी काय आहे याचा शोध साखरेच्या काळजीपेक्षा आधी लागायला हवा. पुढचे अहवाल आले की लगेच पाठव.

तुझीच,
शालिनी