आक्का, रविवारी सकाळी तुम्ही होतात म्हणून

सलाम आक्का, आणि रामकृष्ण हरी.

तुम्ही मोबाईलवर असलं काही बघत नाही हे माहितीय, नातू वाचून दाखवेल, नाहीतर मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देतो. नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही. पण लिहायचं सगळ्यांसमोरच, कारण इतकी वर्षं आमच्या मंडळीनं दर रविवारी मला वेदीपाशी उभं बघितलं आणि मिसेसला ऑर्गनवर बघितलं, आणि आम्ही दोघं तिथं असताना घरी आईपाशी कोण बसलंय हे फार थोड्यांना माहिती होतं.

आईचा डिमेन्शिया कसा सुरू झाला ते तुम्ही बघितलंच आहे. आधी भाजीत दोनदा मीठ, मग चष्मा फ्रीजमध्ये, मग संध्याकाळ झाली की पदर खोचून दाराशी, "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल". डॉक्टर म्हणले एकटं सोडू नका. आठवड्याचे बाकीचे दिवस आम्ही नवराबायको आलटून पालटून भागवत होतो, मुलगी कॉलेजवरून आली की ती असायची. प्रश्न रविवारचा होता. पाळकाचं काम रविवारी, पाळकाच्या घरातल्या सगळ्यांचं काम रविवारी, आणि ज्यांना हक्कानं म्हणावं की जरा आईपाशी बसा, ती आमची सगळी माणसं त्याच वेळेला चर्चमध्ये. मंडळी मायाळू आहे हो आमची, कितीजणींनी विचारलं, पण त्यांना उपासनेतून उठवून माझ्या घरी कसं बसवू?

तेव्हा तुम्ही कंपाउंडच्या पलीकडून म्हणालात, "फादर, मला कुठं रविवार आहे, मी बसते की बाईंपाशी". बास, एवढंच. आणि मग बसलातच. नगरचा उन्हाळा असो का पाऊस असो, आषाढी वारीला निवृत्तीनाथांची पालखी नगरमधनं पुढं निघाली की तुम्ही तिच्याबरोबर पंढरपूरला चालत जायचा तेवढे रविवार सोडले तर तुमचा खाडा नाही, आणि तेव्हाही सूनबाईला सांगून गेलेल्या असायचा.

आईला तुम्ही कायम बाईच म्हणालात. ती रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी गल्लीत ती बाईच होती. मिशनच्या शाळेत आयुष्य गेलं तिचं आणि त्याचा तिला फार अभिमान, प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगायची की सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं ट्रेनिंग आपल्या नगरला अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंकडं घेतलं, तेव्हा तुम्ही पोरी काय लहानसहान गावातल्या समजू नका स्वतःला. आजारात बाकी सगळं गळत गेलं पण शाळा राहिली. एक दिवस मी तिच्या खोलीत गेलो तर तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "या ना. आपण कुणाचे पालक?"

आक्का, त्या दिवशी मी काय बोलू शकलो नाही. मदर्स डेला मी यशया 49 वरून अनेकदा बोललोय, तिथं देव विचारतो की बाईला आपल्या पोटच्या पोराचा विसर पडेल का, आणि लगेच म्हणतो की एकवेळ ती विसरेल पण मी तुला विसरणार नाही, मी तुला माझ्या तळहातावर कोरलंय. मी नेहमी पुढच्या भागावर भर द्यायचो, तळहातावर. मागचा भाग, एकवेळ ती विसरेल, हा फक्त बोलण्याच्या ओघात आलाय असं वाटायचं. तो आमच्या घरात खरा झाला. तुम्ही दारात उभ्या होतात, सगळं ऐकलंत, आणि आईला म्हणालात, "बाई, हे लई चांगले पालक आहेत, रोज येतात". आणि आई मला म्हणाली, "असे पालक पाहिजेत". ते वाक्य मी जन्मभर जपणार आहे. आईनं मला दिलेली ती शेवटची शाबासकी होती आणि ती तुमच्या तोंडून सुरू झाली.

मग तिनं तुम्हालाच विद्यार्थिनी केलं. तुम्ही लहानपणी दुसरीतनं शाळा सोडलेली, तुम्हीच सांगितलेलं. आई पाटी मागायची, तुम्ही खरोखर बाजारातनं पाटी आणलीत, आणि मी दुपारी घरी यायचो तर बाराखडी लिहिलेली असायची, काही अक्षरं तिची, थरथरती, काही तुमची. दुसरं कुणी असतं तर वेळ काढायला म्हणून केलं असतं. तुम्ही मनापासून शिकत होतात. हरिपाठाची छोटी पोथी तुम्ही बोट ठेवून वाचायला लागलात तेव्हा आईला कळत नव्हतं आजचा वार कोणता, पण तुम्ही ऱ्हस्व दीर्घ चुकलात की तिला कळत होतं! मी हे मंडळीत सांगितलं तर लोकांना वाटलं मी वाढवून सांगतोय.

आणि ते गाणं. याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण मी पाळक आहे आणि मला याचं आश्चर्य अजून संपलं नाहीये. डॉक्टरांनी सांगितलेलं की गाणी सगळ्यात शेवटी जातात, चाल पाठ असते ती टिकून राहते. आईला नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ होती. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि मग आपल्याच नगर भागात राहिले, राहुरीला राहिले. त्याच्या आधी आमच्या चर्चमध्ये बरीचशी गीतं इंग्रजी चालीवर बसवलेली असायची, टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, ओवीत आणलं, कीर्तनात आणलं, कारण ते स्वतः तुकारामाच्या वाटेनं ख्रिस्ताकडं आले होते आणि ते कधी त्यांनी लपवलं नाही. हे सगळं मी सेमिनरीत शिकलो, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. पण त्याचा उपयोग काय असतो ते मला माझ्याच घरात दिसलं. आईनं एक ओळ धरली की तुम्हाला शब्द माहिती नसले तरी चाल रक्तातली, तुम्ही लगेच टाळी धरायचा आणि दुसऱ्या वेळेला ओळ उचलायचा. मग काही महिन्यांनी असं झालं की आई ओळ विसरायची आणि तुम्ही पुढची ओळ सांगायचा. टिळकांचं भजन, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईनं एका ख्रिस्ती बाईला आठवण करून द्यायचं. टिळकांनी ते बघितलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता असं मला खूपदा वाटतं.

काही जणांनी मला विचारलं, त्यांचं वाईट वाटून घेतलं नाही मी, की पाळकसाहेब तुम्ही त्यांना येशूबद्दल काही सांगितलं का. आक्का, तुम्हाला माहितीय मी काय मानतो, मी ते लपवत नाही आणि तुम्हीही तुमचा विठोबा लपवत नाही. माझा तारणारा ख्रिस्त आहे आणि जगातली सगळी कृपा मी त्याच्याच हातातनं आलेली मानतो, म्हणून तुम्ही रविवारी सकाळी फाटक उघडून आत यायचा तेव्हा ती कृपा कुणी पाठवली याबद्दल मला शंका नव्हती. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणाल पांडुरंगानं पाठवलं. यावर आपण दोघं ओट्यावर बसून चहा पीत पुष्कळ बोललोय आणि दोघंही आपापल्या जागी पक्के आहोत. पण त्या बोलण्यासाठी तुम्ही येत नव्हतात आणि त्या बोलण्यासाठी मीही तुम्हाला बोलावत नव्हतो.

प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आमच्यात जो विधी असतो त्याचं, सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधनं आलो की मी घरी आईला भाकर आणि द्राक्षरस द्यायचो. एकांनी विचारलं, आईंना काय चाललंय ते समजत नाही तर मग देता कसं? प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणलं आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, मी डोक्यावर पाणी घालतो तेव्हा ते बाळ झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं, त्याला काय समजतं? तिथं आपण सगळे म्हणतो ही देवाची कृपा, बाळानं काही कमावलेलं नाही. मग आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला आपण समजुतीची परीक्षा का घ्यायची? आईनं ऐंशी वर्षं त्याचा हात धरला, आता तिची पकड सुटली, त्याची सुटलेली नाही. त्या वेळेला तुम्ही उठून बाहेर जायला निघायचा आणि आई तुमचा हात सोडायची नाही. म्हणून तुम्ही डोक्यावर पदर घेऊन तिथंच उभ्या राहायचा, आणि तिचा हात कापायचा म्हणून कप खालनं धरायचा. मी प्रार्थना म्हणत असायचो आणि माझी नजर तुमच्या त्या हातावर असायची.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या त्या पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट आहे, चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, गर्दीमुळं दारातनं जाता येईना म्हणून छप्पर उसकटलं आणि वरून खाली सोडला. तिथं लिहिलंय की येशूनं *त्यांचा* विश्वास बघितला. त्या आजारी माणसाला काय वाटत होतं, त्याचा विश्वास होता का नव्हता, एक शब्द नाही. पूर्वी मी त्या चौघांवर बोललो की मंडळीला सांगायचो, तुम्ही असे उचलणारे व्हा. आता मला त्या बाजेवरच्या माणसाबद्दल बोलायचं असतं. उचलून घेतलं जाणं, काहीही परत देता येत नसताना घेत राहणं, हे फार अवघड असतं, पाळकाला तर जास्तच, कारण आमचा हात सतत आशीर्वाद द्यायला वर. तुम्हाला मी पाकीट दिलं होतं ते तुम्ही मागं सरकवलंत आणि म्हणालात, "हिशोब नका करू फादर, हिशोब केला की मला उद्यापासून यायला लाज वाटंल". दिवाळीची साडी मात्र घेतलीत, बहिणीला देतात तशी म्हणून. मी इफिसकरांच्या पत्रातला दुसरा अध्याय शिकवतो, तारण कृपेनं आहे, कर्मानं नाही, ते देवाचं दान आहे. त्याच्यावर माझ्याकडं वह्या भरून टिपणं आहेत. पण दर रविवारी दुपारी घरात पाऊल टाकायचं, आई न्हाऊन वेणी घालून शांत बसलेली बघायची, आणि आपला याच्यावर काही हक्क नाही हे माहिती असताना ते घ्यायचं, हे शिकायला मला तुमची गरज लागली.

आई गेली त्या पहाटे मिसेसबरोबर तिला शेवटची आंघोळ तुम्ही घातलीत. तिची ती आवडती पांढरी साडी कुठं आहे हे आम्हाला सापडेना, तुम्हाला माहिती होतं. दफनाला कबरस्तानात तुम्ही बायकांच्यात उभ्या होतात आणि भजन सुरू झालं तेव्हा मंडळीतल्या पोरांना कडवी येत नव्हती, तुम्हाला येत होती. तिथं बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा मागं वळून बघितलं की या कोण. म्हणून हे पत्र. या आमच्या आक्का.

आता बदलीचं. डायसिसकडून, म्हणजे आमच्या धर्मप्रांताकडून, मेमध्ये बदली होईल असं दिसतंय, कुठं ते अजून नक्की नाही, पार्सनेज, हे पाळकाचं घर, सोडावं लागेल. आईची पाटी तुमच्याकडंच ठेवा, मुलगीही तेच म्हणाली. तिचं गायनाचं पुस्तकही तुमच्यासाठी काढून ठेवलंय, त्यात तिनं पेन्सिलीनं चालींची नावं लिहिलीत, ती तुम्हाला वाचता येतील. नाताळाचा फराळ दरवर्षीसारखा येईल, कुठंही असलो तरी.

आणि एक राहिलं. परवा तुम्ही म्हणालात अक्षरं धुरकट दिसतात, पोथी लांब धरावी लागते. तो मोतीबिंदू असू शकतो, पुढं ढकलू नका. मी बदलीच्या आधीची तारीख विचारून ठेवलीय, मिसेस बरोबर येईल आणि गाडी माझी. हे हिशोबात धरू नका, शेजारी म्हणून चाललोय. त्या दिवशी उपाशी यायचं का खाऊन ते दवाखान्यात विचारून फोन करतो, आणि एकादशीचा दिवस निघाला तर आत्ताच सांगा, तारीख बदलून घेतो.

तुमचा,
फादर