उशाशी टांगलेलं वायर कटर

महोदय,

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. जबडा मोडलेल्या पेशंटचे वरचे-खालचे दात तेव्हा चार ते सहा आठवडे तारेने बांधून ठेवत. उशाशी वायर कटर टांगलेलं असायचं. रात्री उलटी झाली तर तारा कापून श्वास मोकळा करायचा. नवी सिस्टर आली की मी आधी 'कटर कुठंय?' विचारायची, नाव मागाहून. पुढे मोडलेलं हाड स्क्रूने जोडणाऱ्या टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आल्या आणि पुष्कळांची ही बांधाबांध टळली.

चेहऱ्याच्या दुखापतींचा विभाग काढायचा म्हटलं की चर्चा यंत्रांवरच अडते. पण डोळ्याची खोबण फुटली की नेत्रतज्ज्ञ लागतो, वरचे-खालचे दात जुळेनात की दंतशल्यचिकित्सक. शल्यचिकित्सक हॅरॉल्ड गिलीज यांनी पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्लंडमध्ये सिडकपला चेहऱ्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी सर्जन, दंतवैद्य आणि चक्क चित्रकारही एकत्र आणले होते.

शिकाऊ डॉक्टरांनी टायटॅनियमची पट्टी वाकवायला प्लास्टिकच्या कवटीवर शिकावं. दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू घामट हातमोज्यातून निसटला की काय होतं, ते मी गुडघ्यांवर बसून शोधलंय! आणि या प्रशिक्षणात सिस्टरांनाही जागा ठेवा.

– एक निवृत्त परिचारिका