परीक्षा फेब्रुवारीत, मुलगी उसाच्या फडात

महोदय,

शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी लागली की ‘जिल्हा परिषदेची पोरं मागे का?’ हा प्रश्न ठरलेला. मी बीड जिल्ह्यात २२ वर्षं शिकवतोय. माझ्या पाचवीच्या वर्गातली एक मुलगी घटक चाचणीत पहिली आली होती. दिवाळी झाली, ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक आला. आईबापांनी उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, त्यांच्यासोबत मुलगीही गेली. परीक्षा फेब्रुवारीत, तेव्हा ती सांगलीकडे कोपीपाशी, म्हणजे तोडमजुरांच्या झोपडीपाशी, धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. एप्रिलात परतली तर भागाकार साफ विसरलेली. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, किती पेंढ्या विकल्या, हा हिशेब मात्र तोंडावर!

त्याच वर्षी माझी लेक यादीत झळकली. तालुक्याला शिकवणी, न्यायला-आणायला मी. दोघींच्या वह्या मीच तपासल्यात, म्हणून सांगतो, हुशारीत फरक नव्हता.

आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवायची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, नाही असं नाही. पण धाकट्याला कोण बघणार, म्हणून मुलीला नेतातच. निदान या मुलांसाठी कारखान्यांचं ऊस गाळप संपल्यावर, जूनमध्ये, परीक्षेची वेगळी फेरी घ्या. तिचं प्रवेशपत्र अजून माझ्या कपाटात आहे.

– एक शिक्षक, बीड जिल्हा