मायामीचा सामना आणि नियमातली फट

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

'ला लीगा' या स्पॅनिश फुटबॉल लीगमधला व्हिलारेआल-बार्सिलोना सामना अमेरिकेत मायामीला खेळवण्याचा बेत फसला, त्याविषयी आपल्या क्रीडा पानावर जे छापून आले त्याचा सूर 'पैशावर खेळाने मात केली' असा होता. वाचायला छान वाटते, पण घडले तसे नाही. २१ ऑक्टोबर २०२५ रोजी सामना रद्द केला तो आयोजक कंपनी रेलेव्हंटने. तयारीला वेळ पुरत नाही आणि स्पेनमध्ये अनिश्चितता आहे, ही तिने दिलेली कारणे. स्पॅनिश महासंघाने ११ ऑगस्टला आणि यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने ६ ऑक्टोबरला होकार दिलेला होता. पुढच्या परवानग्या येण्याआधीच गाशा गुंडाळला गेला. म्हणजे नियमाने कोणालाही अडवले नाही. उद्या कोणी सहा महिने आधी अर्ज केला, तर त्याला कोणत्या आधारावर नाही म्हणायचे, याचे उत्तर आजही कागदावर नाही.

आधी एक गैरसमज. बार्सिलोना, रेआल माद्रिद दर उन्हाळ्यात अमेरिकेत खेळतातच, मग आताच एवढा गहजब का, असे अनेकांना वाटते. ते सामने मैत्रीपूर्ण असतात. त्यांनाही मान्यता लागते, पण त्यात गुण नसतात. ज्या सामन्याचे तीन गुण लीगच्या तक्त्यात चढणार, तो आपल्या देशाबाहेर खेळायचा तर फिफाच्या घटनेनुसार केवळ 'अपवादात्मक परिस्थितीत' खेळता येतो. त्यासाठी दोन्ही देशांचे महासंघ, संबंधित खंडीय संघटना आणि शेवटी फिफा, अशा सगळ्यांची संमती हवी. मायामीच्या बाबतीत स्पॅनिश महासंघ, यूएफा, अमेरिकेचा महासंघ, उत्तर व मध्य अमेरिकेची कॉन्ककॅफ आणि फिफा अशा पाच सह्या लागत होत्या. घोडे पेंड खाते ते 'अपवादात्मक' या शब्दापाशी. त्याची व्याख्याच नाही. फिफाची नियमावली पुरेशी स्पष्ट आणि तपशीलवार नाही, असे खुद्द यूएफाने परवानगी देताना म्हटले, आणि नाराजी नोंदवून सही केली.

या प्रकरणाची मुळे बरीच जुनी आहेत. २००८ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने ३८ फेऱ्यांच्या वर एक ३९वी फेरी परदेशात भरवण्याचा प्रस्ताव आणला: दहा सामने, पाच शहरे, जानेवारी २०११. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर विरोधात गेले आणि प्रस्ताव बारगळला. २०१८ मध्ये स्पेनच्या ला लीगाने रेलेव्हंटबरोबर १५ वर्षांचा करार करून जिरोना-बार्सिलोना सामना मायामीला न्यायचे ठरवले. स्पॅनिश महासंघाने हरकत घेतली, लीगचे सामने त्या त्या महासंघाच्या हद्दीतच व्हावेत अशी भूमिका फिफाच्या परिषदेने ऑक्टोबरमध्ये मांडली आणि बार्सिलोनाने माघार घेतली.

तेव्हा ठाम असलेली फिफा आता मवाळ का झाली? कारण मधल्या काळात भांडण मैदानातून कोर्टात गेले. इक्वाडोरच्या लीगमधला एक सामना अमेरिकेत भरवायला अमेरिकेच्या महासंघाने नकार दिला, तेव्हा रेलेव्हंटने २०१९ मध्ये अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. सगळे महासंघ मिळून बाजार वाटून घेतात आणि स्पर्धा रोखतात, हा त्यांचा मुद्दा. खालच्या कोर्टाने तो फेटाळला, पण २०२३ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा जिवंत केला. एप्रिल २०२४ मध्ये फिफाने समझोता करून त्यातून अंग काढून घेतले, वर्षभराने अमेरिकेच्या महासंघानेही तेच केले. मे २०२४ मध्ये फिफाने अशा सामन्यांचे नियम तपासायला कार्यगट नेमला. कार्यगटाचे काम चालू, जुना नियम कोर्टात टिकेल की नाही याची धास्ती, नवा नियम तयार नाही. ला लीगाने नेमक्या या पोकळीत अर्ज टाकला. चाल म्हणून ती चोख होती, हे मान्य करायला हवे.

लीगला ही घाई का, तेही पाहू. स्पेनमध्ये २०१५ च्या कायद्याने सर्व क्लबांचे दूरचित्रवाणी हक्क एकत्र विकण्याचा अधिकार लीगला दिला. तोवर रेआल माद्रिद आणि बार्सिलोना आपापले हक्क स्वतंत्र विकून मोठा घास घेत. आता पहिल्या श्रेणीचा निम्मा पैसा समान वाटला जातो, पाव हिस्सा कामगिरीवर आणि पाव हिस्सा क्लबच्या लोकप्रियतेवर. लीग बलाढ्य झाली ती इथून. तरी देशांतर्गत हक्कांचे वर्षाला साधारण एक अब्ज युरो मिळतात, आणि प्रीमियर लीगचा २०२५ पासूनचा चार वर्षांचा देशांतर्गत करारच ६.७ अब्ज पौंडांचा आहे. शिवाय २०२१ मध्ये ला लीगाने आपल्या व्यवसायातला ८.२ टक्के वाटा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला ५० वर्षांसाठी सुमारे दोन अब्ज युरोंना दिला. रेआल, बार्सिलोना आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओ त्यातून बाहेर राहिले. पन्नास वर्षे वाटेकरी बसवून घेतल्यावर उत्पन्न वाढवत राहणे आलेच, आणि स्पेनमधला बाजार तर भरलेला.

मग महासंघ तरी तत्त्वाचा का? स्पॅनिश सुपर कप ही महासंघाची स्वतःची स्पर्धा. जानेवारी २०२० पासून, कोविडकाळातला २०२१ चा अपवाद सोडला, तर ती सौदी अरेबियात होते आहे. त्यासाठी दोन संघांची स्पर्धा चार संघांची केली. आपला तो बाब्या, लीगचे ते कार्टे! आणि फिफाने २०२५ च्या उन्हाळ्यात ३२ संघांचा क्लब विश्वचषक एक अब्ज डॉलरच्या बक्षीस रकमेसह भरवला तो अमेरिकेतच. युरोपच्या लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये फिफाच्या वेळापत्रकाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, त्यामागे हीच ओढाताण आहे. प्रेक्षक तोच, डॉलर तेच, फक्त तिकीट कोणी फाडायचे हा वाद.

एवढे सगळे असूनही मायामीचा बेत चुकीचाच होता, असे माझे मत आहे. कारण भावनिक नाही, तक्त्यातले आहे. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी, एकदा बाहेर. १७ व्या फेरीतला हा सामना व्हिलारेआलच्या घरचा होता. त्यांचे मैदान सुमारे २३ हजार प्रेक्षकांचे, चिंचोळे आणि पाहुण्यांना नकोसे. तो मायामीच्या ६५ हजारांच्या स्टेडियमवर नेला असता तर तिथे बहुतेक जर्सी बार्सिलोनाच्या दिसल्या असत्या. रेआल माद्रिदला मात्र व्हिलारेआलच्या घरी जाऊनच खेळायचे. त्यात ला लीगामध्ये गुण समान झाले की आधी गोलफरक पाहत नाहीत, आपसातल्या दोन सामन्यांचा निकाल पाहतात. म्हणजे एका सामन्याची जागा बदलल्याने अजिंक्यपदाचा निकषच हलतो. रेआलने फिफा, यूएफा आणि स्पेनच्या क्रीडा परिषदेकडे हरकत नोंदवली ती यासाठी. (रेआलचे लीगशी वैर जुने आहे हे खरे, म्हणून हरकत खोटी ठरत नाही.) प्रवासाचे गणित वेगळेच: जाता-येता प्रत्येकी नऊ-दहा तास विमानात, वर सहा तासांचा वेळेचा फरक, आणि सामना नाताळच्या तोंडावर.

खेळाडूंना कोणी विचारलेच नव्हते. १७ ऑक्टोबरच्या शुक्रवारी ओव्हिएदो-एस्पान्योल सामन्याची शिट्टी वाजली आणि बावीसही जण निषेध म्हणून १५ सेकंद जागच्या जागी उभे राहिले. घरी बसलेल्या प्रेक्षकाला ते दिसलेच नाही, कारण त्या क्षणी पडद्यावर स्टेडियमची बाहेरची बाजू दाखवली जात होती. हे प्रक्षेपण लीगच्या ताब्यात असते. सत्ता कोणाकडे आहे हे त्या १५ सेकंदांच्या चित्राइतके स्पष्ट दुसऱ्या कशात दिसले नाही. बार्सिलोना आणि व्हिलारेआलच्या खेळाडूंना या निषेधात उतरण्याचे आवाहन खेळाडूंच्या संघटनेने मुद्दामच केले नव्हते. क्लबविरोधी कृतीचा अर्थ निघू नये म्हणून.

इटलीचे उदाहरण जोडून वाचावे. मिलान-कोमो सामना ऑस्ट्रेलियात पर्थला न्यायचा होता. तिथे निदान कारण होते: हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनामुळे मिलानचे सॅन सिरो स्टेडियम मिळणार नव्हते. यूएफाने त्यालाही त्याच दिवशी होकार दिला. पुढे आशियाई संघटनेने (ऑस्ट्रेलिया तिचाच सदस्य) पंच आपल्याकडचे असावेत यांसारख्या अटी घातल्या आणि डिसेंबरमध्ये तोही बेत मोडला. पाच सह्यांपैकी एक जरी अडली तरी सामना अडतो. पण अडवणारा दरवेळी वेगळा आणि कारणही दरवेळी वेगळे.

आपल्याकडच्या वाचकाला हे भांडण परके वाटते, कारण आयपीएल ही बीसीसीआयचीच. २००९ ची अख्खी स्पर्धा निवडणुकांमुळे दक्षिण आफ्रिकेत गेली, तेव्हा मंडळ आणि लीग असा झगडा उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. भारतीय फुटबॉलची गत तिसरीच. महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्क १५ वर्षांच्या कराराने देऊन टाकले. त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपली, तत्पूर्वी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि एफसी गोवा, मुंबई सिटी यांच्यासह सगळे क्लब हंगाम कधी सुरू होणार याची वाट पाहत बसले. स्पेनमध्ये लीगचा अधिकार कायद्यातून आला आहे, म्हणून महासंघाशी भांडूनही ती उभी राहते. आपल्याकडे तो करारातून आला होता, मुदतीबरोबर गेला.

फिफाच्या कार्यगटाने निदान पुढील गोष्टी लिहून द्याव्यात. 'अपवादात्मक' म्हणजे काय: मैदान उपलब्ध नसणे, युद्ध, आपत्ती; बाजार वाढवणे नव्हे. अर्ज हंगामाचे वेळापत्रक ठरण्याआधी यावा. इथे यूएफाचा होकार सामन्याच्या अडीच महिने आधी आला, तोवर तिकीटविक्रीही सुरू नव्हती. खेळाडूंच्या संघटनेची लेखी संमती अर्जाला जोडलेली असावी. हाच नियम सुपर कपसारख्या महासंघांच्या स्पर्धांनाही लागू असावा, नाहीतर लीग कोर्टात पहिले बोट त्यांच्याकडेच दाखवील. आणि घरचा सामना गमावणाऱ्या हंगामी तिकीटधारकांची भरपाई क्लबच्या मर्जीवर नसावी. व्हिलारेआलने मोफत प्रवास किंवा तिकिटात सूट देऊ केली होती. पण सुमारे ५० हजार वस्तीच्या त्या गावातले किती जण नाताळच्या आठवड्यात अटलांटिक ओलांडून आले असते? पाटाकडील-दिलबहार सामना शाहू स्टेडियमवरून उचलून दुबईला नेला, तर कोल्हापुरात काय होईल याचा अंदाज आपल्या वाचकांना आहेच.

मायामीला जाणारा तो सामना अखेर २१ डिसेंबरला व्हिलारेआलच्याच मैदानावर झाला. बार्सिलोनाने तो २-० असा जिंकला.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर