सर, आपण मला बसायला सांगितलेत

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या रविवारी माझ्या चित्रांचे पहिले प्रदर्शन संपले. शेवटच्या दिवशी गव्याचे मोठे चित्र विकले गेले, त्याच्या कोपऱ्यात लाल टिकली चिकटवताना माझा हात थरथरत होता, आणि का कोण जाणे, त्या क्षणी डोळ्यांसमोर आले ते आपल्या स्टुडिओतले रंगाने बरबटलेले एकुलते एक लाकडी स्टूल. हे पत्र मी आपल्या घरी आणून देऊ शकले असते. पण आपले ऋण चार लोकांसमोर मान्य करावे असे मनापासून वाटले, म्हणून ते असे उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे मी पहिल्यांदा आले, त्या दिवशी सकाळीच एका कला महाविद्यालयाने मला नाकारले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे काय घडले, ते मात्र मी आपल्याला कधी नीट सांगितले नाही. दोन वर्षे पहाटे उठून काढलेली बावीस रेखाटने माझ्या फाइलमध्ये होती. परीक्षकांनी ती अर्ध्या मिनिटात चाळली, आपापसात काही बोलले आणि फाइल माझ्याकडे सरकवून म्हणाले, ‘प्राणी हुबेहूब काढणे म्हणजे कला नव्हे, छंद म्हणून चालू ठेवा.’ एवढा सगळा वेळ मी उभी होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. नकार देण्याचा अधिकार त्यांना होताच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोणाच्या दोन वर्षांच्या कष्टांना पाच मिनिटेही न देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, हे मला आजही समजलेले नाही.

संध्याकाळी मी आपल्या दारात उभी राहिले, तेव्हा आपण माझी फाइल मागितली नाहीत. आपण ईझलसमोरच्या स्टुलावरून उठलात, त्यावर सांडलेला ओला रंग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसलात, मग माझे कपडे खराब होऊ नयेत म्हणून कोरड्या फडक्याने तो पुन्हा पुसलात आणि म्हणालात, ‘बसा. आता सगळी चित्रे सावकाश पाहू.’ खोलीत बसायला दुसरे काही नव्हते. पुढचे दोन तास आपण उभे होतात, आणि आपला गुडघा दुखतो आहे हे भिंतीला टेकवलेल्या हातावरून मला दिसत होते. हत्तीच्या कानाच्या रेखाटनापाशी आपण बराच वेळ थांबलात आणि विचारलेत, ‘कानाची ही फाटकी कड फोटोवरून काढली, की पाहून?’ पाहून, असे मी म्हणाले. आपण फक्त मान हलवलीत. माझ्या चित्राला कोणीतरी प्रश्न विचारावा, ही त्या दिवसापर्यंत माझ्यासाठी अनोळखी गोष्ट होती.

आणि मग आपण मला डेव्हिड शेपर्ड या इंग्रज चित्रकाराची गोष्ट सांगितलीत. जन्म १९३१ चा, लंडनचा. शाळा संपल्यावर १९४९ मध्ये वन्यजीव रक्षक व्हायचे म्हणून हा तरुण थेट केनियाला गेला आणि तिथे त्याला सरळ परत फिरवण्यात आले. मालिंदीच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करून आणि पक्ष्यांची चित्रे विकून त्याने परतीच्या प्रवासाचे पैसे जमवले. लंडनला येऊन स्लेड स्कूल ऑफ फाइन आर्टकडे अर्ज केला, तर अंगात गुण नाही म्हणून तिथूनही नकार. आता चित्रकार व्हायचे की बसचालक, अशा टोकाला तो आला असताना रॉबिन गुडविन नावाच्या एका चित्रकाराने त्याला आपल्या स्टुडिओत घेतले आणि तीन वर्षे शिकवले. शेपर्ड पुढे जगभर गाजले, पण आपले सगळे यश गुडविन यांच्यामुळे आहे, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

माझ्या नकाराचे सांत्वन म्हणून आपण ही गोष्ट सांगितली असेल, असे मला सुरुवातीला वाटले होते. नंतरच्या तीन वर्षांत आपण तिचे पुढचे भाग तुकड्यातुकड्यांनी सांगत गेलात, कधी ब्रश धुताना, कधी कॅनव्हासला अस्तर देताना, आणि मग लक्षात आले की आपल्याला मुळात सांगायचे होते ते यशाविषयी नव्हतेच. शेपर्ड सुरुवातीला विमाने रंगवत. १९६० मध्ये ब्रिटिश हवाईदलाने त्यांना केनियात नेले, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की विमाने आम्ही रोजच पाहतो, आम्हाला इथले प्राणी काढून द्या. त्यांनी गेंड्याचे चित्र काढले, २५ पौंड मिळाले, आणि तिथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. त्याच प्रवासात टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, त्यांनी एक पाणवठा पाहिला. शिकाऱ्यांनी त्यात विष कालवले होते आणि भोवती २५५ झेब्रे मरून पडले होते. हा आकडा सांगताना आपला आवाज खाली गेला होता, सर. ते झेब्रे कोणीतरी एकेक करून मोजले असतील, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. चित्रकार त्या पाणवठ्यावरून परतला तो वन्यजीवांचा रक्षक होऊन. अकरा वर्षांपूर्वी ज्या कामासाठी त्याला नालायक ठरवले होते, तेच काम त्याने ब्रशने हाती घेतले.

पुढचे सारे आपण मोठ्या अभिमानाने सांगत असा. जे प्राणी रंगवून आपण पोट भरतो, त्यांचे देणे फेडलेच पाहिजे, या एका जाणिवेने शेपर्ड यांनी चित्रे देऊन टाकली. झांबियात चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी हेलिकॉप्टर हवे होते, ते त्यांच्या चित्रांच्या लिलावातून आले, आणि राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी आभार म्हणून त्यांना चक्क एक जुने वाफेचे इंजिन भेट दिले, कारण हत्तींइतकाच या माणसाचा आगगाडीच्या इंजिनांवर जीव होता. १९७३ मध्ये ‘टायगर फायर’ या त्यांच्या वाघाच्या चित्राच्या प्रतींमधून सव्वा लाख पौंडांहून अधिक निधी भारतातल्या वाघांसाठी उभा राहिला. त्याच वर्षी आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ व्याघ्र राखीव क्षेत्रांत आपले मेळघाट होते. लंडनच्या एका स्टुडिओचे दार उघडले गेले नसते, तर वाघांसाठीचा तो निधी आला असता का, असे आपण मला विचारले होते. १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची वन्यजीव संस्था काढली. २०१७ मध्ये ते गेले, तरी ती आजही काम करते आहे.

सर, गुडविन यांच्याविषयी आज फारच थोड्या लोकांना माहिती असेल. ज्यांनी नाकारले त्यांची नावे मोठी आणि ज्याने जवळ केले त्याची ओळख केवळ शिष्याच्या चरित्रातल्या एका परिच्छेदापुरती, हे मला अन्यायाचे वाटते. चांगुलपणा हा असा बिनआवाजाचा असतो. तो प्रमाणपत्र देत नाही, समारंभ करत नाही, स्वतःचे स्टूल पुसून देतो आणि दुखऱ्या गुडघ्यावर उभा राहतो. आपण माझ्याकडून कधी शुल्क घेतले नाहीत. पण त्याहून मोठे म्हणजे, माझे काम पाहण्याच्या लायकीचे आहे, हे आपण मला एकाही कौतुकाच्या शब्दावाचून पटवून दिलेत. हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या एकेक न काढता सावलीतून कशा उमटवायच्या, डोळ्यातला चमकता ठिपका सगळ्यात शेवटी आणि एकाच स्पर्शात का ठेवायचा, हे मी कुठेतरी शिकलेही असते. कानाच्या फाटक्या कडेविषयीचा तो प्रश्न मात्र दुसऱ्या कोणी विचारला नसता.

गव्याच्या चित्राचे जे पैसे आले, त्यातले निम्मे मी जंगलात गस्त घालणाऱ्या वनरक्षकांच्या पावसाळी साहित्यासाठी दिले आहेत. रक्कम लहान आहे. आपल्याला हे कळवायचे होते, कारण ही सवय आपल्याकडून लागली.

हत्तीच्या कानाचे ते जुने रेखाटन मी प्रदर्शनात मांडले होते, पण विक्रीसाठी ठेवले नव्हते. दोघांनी किंमत विचारली. ते मी काचेत बसवून घेतले आहे आणि येत्या गुरुवारी आपल्याकडे घेऊन येत आहे. सोबत एक दुसरे स्टूलही आणते आहे.

आपली विद्यार्थिनी