पत्राने खेळलेले डाव

ती. आई-बाबा,
सा. न.

आमच्या बुद्धिबळ क्लबातले ते आजोबा मागच्या आठवड्यात गेले. बाबा, तुम्ही एडिनबराला आला होतात तेव्हा ज्यांच्याशी दुपारभर खेळत बसलात आणि आईने ज्यांना आग्रह करकरून साबुदाण्याची खिचडी वाढली, तेच. झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

परवा त्यांच्या मुलीला खोली आवरायला मदत केली. बाबा, तुम्ही बरोबर हवे होतात! कपाटभर बुटांचे खोके आणि त्यांत पोस्टकार्डं, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा गठ्ठा वेगळा. आजोबा टपालाने एकेक चाल पाठवून डाव खेळत, आणि कार्डावर चाल म्हणजे नुसते चार आकडे. ५२५४ म्हणजे पाचव्या उभ्या ओळीतल्या दुसऱ्या घरातून त्याच ओळीतल्या चौथ्या घरात, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. ७१६३ म्हणजे राजाकडचा पांढरा घोडा बाहेर. समोरचा रशियन असो की झेक, आकडे सगळ्यांनाच कळतात. दहा चालींना तीस दिवस मिळायचे आणि टपालात गेलेले दिवस त्यांत धरायचे नाहीत, म्हणून कार्ड कधी मिळालं, उत्तर कधी टाकलं, दोन्ही तारखा लिहायच्या. एकेक डाव वर्ष-दोन वर्षं सहज चाले.

पण मी अडकलो ते आकड्यांखालच्या बारीक अक्षरात. नातू झाला. यंदा बर्फ फार. बायकोचं ऑपरेशन नीट झालं. एक गठ्ठा तर चेकोस्लोव्हाकिया हा एकच देश होता तेव्हापासूनचा. त्या गृहस्थांची आणि आजोबांची कधी भेट झाली नाही, तरी मुलीने सगळ्यांत आधी पत्र लिहिलं ते त्यांनाच. बाकीचे अर्धवट राहिलेले डाव ज्यांच्याशी होते, त्यांना आम्ही दोघांनी मिळून कळवलं. ती पत्रं लिहिताना फार जड गेलं.

आमचा क्लब १८२२ सालचा. १८२४ ते १८२८ या काळात लंडनशी पत्राने सामना झाला आणि एडिनबरा जिंकलं. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा हे सांगायचेच. बाबा, तुम्ही राजापुढचं प्यादं, मग घोडा, मग वजिरापुढचं प्यादं अशी सुरुवात करता ना, तिला 'स्कॉच' हे नाव या सामन्यामुळेच पडलं. तुम्ही ती खेळलात तेव्हा आजोबा का खुलले होते, ते आता कळलं असेल.

आता पत्राच्या स्पर्धा मुख्यतः संगणकावर चालतात. मोठ्या स्पर्धांत चाल शोधायला संगणकाची मदत घ्यायलाही परवानगी आहे, त्यामुळे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. आजोबांना ते रुचलं नाही. ज्यांनी संगणक न वापरण्याचा शब्द दिला, त्यांच्याशीच ते शेवटपर्यंत कार्डावर खेळत राहिले. मला त्यांचंच पटतं. एका चालीवर आठवडाभर डोकं चालवायचं, तर ते आपलंच असावं.

बाबा, डॉक्टरांनी बाहेर पडणं कमी करायला सांगितल्यापासून तुम्ही पट काढलेलाच नाही, असं आई फोनवर म्हणाली. तेव्हा आपण दोघं खेळू. पांढरी तुमची, पहिली चाल तुमची. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, टपालानेच पाठवा. आणि आई, कार्डावर उरलेल्या जागेत तू लिही. गुडघा कसा आहे ते खरं खरं लिही, फोनवर तू नेहमी 'बरा आहे' म्हणतेस.

तुमचा,
धाकटा