आंबोलीत बॅटरी बंद करायला लावणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

चमकणारी बुरशी बघायला आलेल्यांना तुम्ही आधी अंधारात गप्प बसवता, त्याबद्दल मनापासून आभार. मायसेना, म्हणजे कुजक्या काटक्यांवरची ही चमकणारी बुरशी, समोर असूनही अनेकांना दिसत नाही, कारण डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच कुणाचा मोबाइल उजळला की पुन्हा पहिल्यापासून! तुम्ही ती मिनिटं सगळ्यांकडून पाळून घेता आणि मग काटकीकडे थेट न बघता जरा बाजूला बघायला सांगता. नजर रोखतो त्या जागी मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतात, बाजूला भरपूर असतात. म्हणून ती हिरवट झाक डोळ्याच्या कडेला आधी उमटते.

हा उजेड कित्येकदा बुरशीच्या छत्रीचा नसतो, ओल्या कुजक्या लाकडात पसरलेल्या तंतूंचा असतो. लाकूड वाळलं की तो विझतो. काटकी खिशात घालणाऱ्याला तुम्ही हे शांतपणे समजावता आणि ती होती तशीच, त्याच बाजूवर परत ठेवायला लावता. फार मोलाचं काम आहे हे.

फोटोचंही तसंच. कॅमेरा तिवईवर, बॅटरीच्या उजेडात फोकस करून तो मॅन्युअलवर अडकवायचा, मग अंधार; आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) 3200, भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) f/2.8, वेळ 30 सेकंदांपासून पुढे. फोटोतला हिरवा रंग डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी गडद येतो, हे तुम्ही आधीच सांगता, म्हणून कुणाचा हिरमोड होत नाही.

दिवसा गवतातली पांढरी छत्री बघून ‘ही अळंबीच ना?’ असं विचारणाऱ्यांना तुम्ही बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून झडणाऱ्या बियांसारख्या बारीक कणांचा, ठसा घ्यायला शिकवलंत: अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर टोपी पालथी, वर वाटी, रात्रभर. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो. हिरवट उमटला तर ती क्लोरोफायलम, पोटाला जबर बाधणारी. आणि गुलाबी ठशाच्या विषारी छत्र्याही असतात, म्हणून नुसत्या ठशावर काही खायचं नाही, हे तुम्ही दर वेळी बजावता.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, डबक्यांतून पाय घालू न देण्याबद्दलही आभार. 2009 साली शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड हा बेडूक त्याच उथळ पाण्यात अंडी घालतो.

येत्या पावसात बॅटरीला लाल जिलेटिन कागदाच्या दोन घड्या लावूनच येतो, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपणार नाहीत.

आपले,
बुरशी बघणारे